घोड्याला लाइम झालाय, औषध सुरू आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्य निदान करून, औषध लिहून देऊन निघून जातो. पुढचा महिनाभर घोडा तुमच्या हाती असतो. खालचे प्रश्न त्या महिन्यातले आहेत. मात्रा आणि मुदत पशुवैद्यानेच ठरवायची. इथे जे आहे ते औषध आणि घोडा यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहे.

लाइम म्हणजे नेमकं काय?

बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाच्या, मळसूत्रासारख्या पिळदार जिवाणूमुळे होणारा आजार. तो गोचिडीतून येतो, पण कुठल्याही गोचिडीतून नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि उत्तर-मध्य भागात इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस, पश्चिम किनाऱ्यावर इक्सोडिस पॅसिफिकस आणि युरोपात इक्सोडिस रिसिनस या जाती तो पसरवतात. नाव कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलं. 1975च्या सुमारास तिथल्या अनेक मुलांचे सांधे एकाच वेळी सुजू लागले आणि तपास सुरू झाला. जिवाणू सापडल्याचं विली बर्गडॉर्फर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1982 साली प्रसिद्ध केलं.

अंगावर गोचीड सापडली. लगेच औषध सुरू करायचं का?

नाही. जिवाणू घोड्याच्या अंगात उतरायला गोचीड साधारण 24 ते 48 तास चिकटलेली असावी लागते, शिवाय प्रत्येक गोचिडीत तो असतोच असं नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडी लावणं, रॉकेल ओतणं, पिळून काढणं हे प्रकार टाळा. तारीख वहीत लिहून ठेवा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे घोडा आजारीच ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

रक्ततपासणीत जिवाणू दिसत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. म्हणजे घोड्याची या जिवाणूशी कधीतरी गाठ पडली, एवढंच कळतं. जिथे गोचिडी जास्त, तिथल्या कितीतरी धडधाकट घोड्यांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह येतात आणि त्यांना आयुष्यात कधी काही होत नाही.

कॉर्नेल विद्यापीठाच्या मल्टिप्लेक्स तपासणीत जिवाणूच्या तीन बाह्य प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांचे तीन आकडे येतात. ऑस्प-ए वाढलेलं असेल तर बहुधा लस दिलेली असते. ऑस्प-सी वाढलेलं असेल तर संसर्ग अलीकडचा, ऑस्प-एफ वाढलेलं असेल तर जुना. त्यामुळे घोड्याला कुत्र्यांसाठीची लाइमची लस दिली असेल तर ते पशुवैद्याला आधीच सांगा.

अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी 2018 साली उत्तर अमेरिकेतल्या घोड्यांच्या लाइमबद्दल एकत्रित मत मांडलं. भक्कम पुरावा त्यांनी फक्त तीन गोष्टींसाठी मानला: मज्जासंस्थेचा आजार, डोळ्याच्या आतली सूज आणि कातडीवरच्या विशिष्ट गाठी. आखडणं, पाय बदलत लंगडणं, चिडचिड, कातडीला हात लावू न देणं या लक्षणांचं खापर रोज लाइमवर फुटतं, पण ती इतर डझनभर कारणांनीही येतात: संधिवात, पाठीला बोचणारं खोगीर, जठरातले व्रण, ईपीएम (परजीवीमुळे होणारा मज्जासंस्थेचा आजार), कुशिंग (संप्रेरकांचा बिघाड). ही कारणं तपासून बाजूला काढली आहेत का, हे पशुवैद्याला विचारायला संकोचू नका. चांगला पशुवैद्य या प्रश्नावर रागावत नाही.

कोणतं औषध देतात आणि किती दिवस?

टेट्रासायक्लिन गटातली तीन औषधं वापरतात. डॉक्सीसायक्लिन तोंडाने. मिनोसायक्लिन तोंडाने, हे डोळ्यात आणि मज्जासंस्थेत जास्त चांगलं पोहोचतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन शिरेतून. बऱ्याचदा पहिले काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने, असा क्रम असतो. एकूण मुदत बहुतेक वेळा महिनाभराच्या आसपास, कधी त्याहून जास्त.

डॉक्सीची नेहमीची मात्रा किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. 450 किलोच्या घोड्याला एका वेळी 4,500 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या 45 गोळ्या. सकाळी 45, संध्याकाळी 45. पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा मला वाटलं, शून्य चुकलं. चुकलं नव्हतं.

एक गोष्ट तबेल्यातल्या प्रत्येकाला माहीत हवी: डॉक्सीसायक्लिन घोड्याला शिरेतून कधीही द्यायचं नाही. त्याने घोडे जागीच कोसळून मेले आहेत. "तोंडाने घेत नाही, तर इंजेक्शन टोचू" ही सूचना कोणाकडूनही आली तरी हात थांबवा.

45 गोळ्या घोड्याच्या पोटात घालायच्या कशा?

संयमाने. आणि घोड्यापेक्षा एक पाऊल पुढे राहून.

गोळ्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं टाकल्या की बऱ्याचशा विरघळतात. न विरघळणाऱ्या कुटून किंवा दळून घ्याव्या लागतात. दळताना तोंडाला मास्क लावा, कारण पूड नाकात जाते. हे पातळ मिश्रण मोठ्या तोंडाच्या सिरिंजमध्ये भरा आणि ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या मोकळ्या जागेतून, जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडा. डोकं जबरदस्तीने वर ताणू नका, नाहीतर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. शेवटी साध्या पाण्याची एक सिरिंज द्या. या गोळ्यांचा गाळ तोंडात किंवा अन्ननलिकेत अडकून राहिला तर तिथे जळजळ होते.

काही घोडे मूठभर चंदीत मिसळलेलं औषध मुकाट्याने खातात. आमची घोडी दोन दिवस खायची आणि तिसऱ्या दिवशी टोपलं पायाने उलटं करायची. चंदीत देत असाल तर ती पूर्ण संपेपर्यंत तिथेच थांबा. टोपल्याच्या तळाशी पिवळी पूड उरली असेल तर मात्रा पोटात गेलेली नाही. चव लपवायला सफरचंदाचा गर बरा. मळी फार घालू नका, तिच्यात कॅल्शियम आणि लोह असतं. त्याने काय बिघडतं ते पुढच्या उत्तरात आहे.

औषधनिर्मात्याकडून तयार पातळ डॉक्सी बनवून घेणार असाल तर तारीख बघा. असं मिश्रण आठवडाभरात ताकद गमावू शकतं. महिन्याची एकच मोठी बाटली आणून ठेवणं म्हणजे शेवटचे तीन आठवडे रंगीत पाणी पाजणं. आणि मुदत संपलेलं टेट्रासायक्लिन कधीच वापरू नका, त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

औषध उपाशीपोटी द्यायचं का?

शक्य तितकं रिकाम्या पोटी, पण घोड्याला तासन् तास उपाशी ठेवून नाही.

टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटतात आणि मग रक्तात न जाता लिदीवाटे बाहेर पडतात. घोड्याच्या आतड्यातून ही औषधं मुळातच कमी शोषली जातात. त्यात पोट वैरणीने भरलेलं असेल तर आणखी घट. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे औषधाच्या वेळेच्या आसपास तो नको. खनिजांची पावडर, चाटण-वीट आणि लोहाचं टॉनिक यांचीही वेळ वेगळी ठेवा.

दुसरी बाजू अशी की घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, तो खात असो वा नसो. चार-सहा तास पोट रिकामं राहिलं तरी व्रणांचा धोका वाढतो. म्हणून बरेच पशुवैद्य मधला मार्ग सांगतात: औषधाआधी दोनेक तास वैरण काढायची, दिल्यावर तास-दोन तास थांबायचं आणि मग गवत भरपूर टाकायचं. रात्रभर ठाणात वैरण असेल तर सकाळच्या डोसाआधी काढायला कोण उठणार, हे आधी ठरवा. व्रणांसाठी सुक्राल्फेट चालू असेल तर त्यात ॲल्युमिनियम असतं. दोन्ही औषधं एकाच सिरिंजमध्ये देऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

रोज काय बघायचं?

लीद. बाकी सगळं त्यानंतर.

अँटिबायोटिक जिवाणू मारतं तेव्हा चांगले-वाईट निवडत नाही. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा पचवणाऱ्या जिवाणूंची वस्तीच असते. ती विस्कटली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल किंवा साल्मोनेलासारख्यांना मोकळं रान मिळतं आणि आतड्याला तीव्र सूज येते. बहुतेक घोडे हा महिना विनातक्रार काढतात, पण ज्याचं पोट बिघडतं त्याचं काही तासांत बिघडतं. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच आपल्या घोड्याची लीद रोज किती, कशी, किती वेळा हे बघून ठेवा. गोळे नेहमीचे आणि घट्ट असावेत. ते गाईच्या शेणासारखे पसरू लागले तर पुढचा डोस देण्याआधी पशुवैद्याला फोन करा. पाण्यासारखी लीद, चारा सोडणं, मलूलपणा, ताप यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करा. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य इथे फार महाग पडतं. तोपर्यंत त्या घोड्याला वेगळं ठेवा, त्याची बादली आणि फावडं वेगळं करा, हात साबणाने धुवा. साल्मोनेला इतर घोड्यांना होतो, माणसांनाही होतो.

ताप रोज एकाच वेळी मोजा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. थर्मामीटरला दोरा बांधून दोऱ्याचं टोक चिमट्याने शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे तो लिदीसकट बिछायतीत शोधावा लागत नाही.

पाणी बादल्यांनी मोजा. आपोआप भरणाऱ्या हौदातून पिणारा घोडा किती पितो हे कोणालाच कळत नाही, म्हणून या महिन्यापुरती बादली लावा. 450-500 किलोचा घोडा दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पितो, उन्हाळ्यात आणखी.

खुरावर हात ठेवून बघा. खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी ठणठण लागत असेल आणि खूर गरम असतील, तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थरांच्या सुजेची शंका घ्या. पोट बिघडल्यावर पाठोपाठ हीच येते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा असेल तर आजच डॉक्टर.

शिरेतून इंजेक्शनं चालू आहेत. काय सांभाळायचं?

मानेतली शीर. ऑक्सिटेट्रासायक्लिन पातळ करून, सावकाश द्यावं लागतं. घाईने दिलं तर घोडा कोसळू शकतो. औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. दर वेळी टोचण्याआधी आणि संध्याकाळी खरारा करताना शिरेवरून हात फिरवा. दोरीसारखी कडक, गरम किंवा दुखरी लागली तर त्या बाजूला पुन्हा टोचू देऊ नका.

दुसरी काळजी मूत्रपिंडांची. घोडा पाणी कमी पीत असेल आणि सोबत बूट (फिनाइलब्युटाझोन) किंवा फ्लुनिक्सिन यांपैकी एखादं वेदनाशामक चालू असेल, तर हे औषध मूत्रपिंडांवर ताण आणतं. दीर्घ उपचारात मधे एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा.

दुखण्यासाठी बूट देऊ का?

विचारल्याशिवाय नाही. एक कारण वर आलंच. दुसरं असं की बूटने लंगडणं झाकलं जातं आणि लाइमच्या औषधाने फरक पडला की बूटने, हे कळायचा मार्ग बंद होतो.

प्रोबायोटिक?

देऊ शकता, पुरावा तुटपुंजा आहे. मी दिलं होतं, मुख्यतः माझ्या मनाच्या समाधानासाठी. चांगलं गवत आणि एकाएकी न बदललेला आहार यावर माझा जास्त विश्वास आहे. या महिन्यात नवी चंदी, नवं कुरण, जंताचं औषध असलं काही सुरू करायचं असेल तर आधी पशुवैद्याशी बोला.

फिरवायचं की बांधून ठेवायचं?

आखडलेल्या घोड्याला दिवसभर ठाणात उभं केलं की तो आणखी आखडतो. सपाट मैदानात सोडणं, हाती धरून वीस-तीस मिनिटं चालवणं बहुतेकांना मानवतं. तो सांगेल तेवढंच. रपेट कधी, हे पशुवैद्यावर सोडा.

अपवाद मज्जासंस्थेचा. पाय वेडेवाकडे पडणं, वळताना तोल जाणं, मान न वाकणं, गिळायला त्रास, स्नायू झिजणं, विनाकारण बुजणं यांतलं काही असेल तर पाठीवर बसायचं नाही, लहान मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही, उतारावर सोडायचं नाही. अर्ध्या टनाचं जनावर अंगावर पडलं तर ते मुद्दाम पडलं नव्हतं, याचा उपयोग नसतो. अशा घोड्यांचं भवितव्य बेताचंच असतं. काही सुधारतात आणि औषध थांबल्यावर पुन्हा घसरतात. हे पशुवैद्याने स्पष्ट सांगितलं तर तो निराशावादी आहे असं समजू नका.

एक डोळा मिटून घेतो, पाणी येतं. माशी असेल का?

असेलही. पण लाइममध्ये डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि तिच्यावर तासांच्या हिशोबाने उपचार लागतात. उजेड सहन न होणं, डोळा ढगाळ किंवा निळसर दिसणं, बाहुली बारीक होणं दिसलं तर अंधाऱ्या जागी बांधा आणि त्याच दिवशी दाखवा. घरात उरलेले थेंब घालू नका. स्टेरॉइडचे थेंब बुबुळाला जखम असताना घातले तर डोळा जाऊ शकतो.

उन्हाचं काही पथ्य?

या औषधांनी कातडी उन्हाला हळवी होऊ शकते. गुलाबी नाक आणि पांढरे चट्टे असलेल्यांना भर दुपारी सावलीत ठेवा.

चार दिवसांत घोडा दुडक्या चालीने पळायला लागला! म्हणजे लाइमच होता ना?

आनंद माना, निष्कर्ष काढू नका. डॉक्सी आणि मिनो ही फक्त अँटिबायोटिक नाहीत. ती सूज कमी करतात आणि सांध्यातली कूर्चा झिजवणाऱ्या विकरांनाही रोखतात. त्यामुळे साधा संधिवात असलेला घोडाही डॉक्सीवर मोकळा चालू लागतो, आणि औषध थांबल्यावर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा आखडला की लोक म्हणतात, लाइम उलटला. मग दुसरा कोर्स, तिसरा कोर्स. मधल्या काळात त्या सांध्याचा एक्स-रे कोणी काढलेलाच नसतो.

आणि बरं दिसतंय म्हणून औषध मधेच बंद करू नका. पोट बिघडलं म्हणून थांबवणं वेगळं, तेही विचारून.

एक डोस चुकला तर?

लक्षात आल्यावर लगेच द्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तोच द्या. दुप्पट कधीही नाही.

टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा, पुन्हा कधी तपासायचा?

औषध संपल्यावर किमान तीन महिन्यांनी, बरेच जण सहा म्हणतात. प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात, आठवड्यात नाही. कधी आकडा फारसा उतरतच नाही आणि घोडा ठणठणीत असतो. अशा वेळी घोड्यावर विश्वास ठेवा, कागदावर नाही. शून्य आकड्याच्या मागे लागून दिलेला प्रत्येक जास्तीचा महिना त्याच्या आतड्याच्या हिशोबात जातो.

मला किंवा शेजारच्या घोड्याला लागण होईल का?

घोड्याकडून थेट नाही. पण ज्या गवतातून त्याला गोचीड लागली त्याच गवतातून तुम्हीही चालता. संध्याकाळी स्वतःचे पाय आणि कानामागची जागा बघा.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?

एकदा होऊन गेला म्हणजे कायमचं संरक्षण मिळत नाही. रोज खरारा करताना बोटांनी चाचपा: आयाळीचं मूळ, जबड्याखाली, कान, छातीच्या पुढच्या पायांमधली घडी, जांघा, कास किंवा शिस्नाची पिशवी, शेपटीचं मूळ. थंडीत सुट्टी घेऊ नका. तापमान चार-पाच अंशांच्या वर गेलं की प्रौढ गोचिडी कामाला लागतात. कुंपणालगतचं उंच गवत कापा, पाचोळा उचला.

परमेथ्रिन असलेले फवारे घोड्यांवर चालतात, पण तबेल्यातल्या मांजराला ते विषारी असतात. गाईगुरांच्या गोचिडीसाठी वापरतात ते अमिट्राझ घोड्याला कधीच लावू नका. त्याने आतड्याची हालचाल थांबून जीवघेणा पोटशूळ उठतो. गोठ्यात असलेली बाटली सोय म्हणून उचलली जाते, तेव्हा तिच्यावर आजच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

लसीबद्दल पशुवैद्याशी बोला. जर्मनीत घोड्यांसाठीची लस मिळते. अमेरिकेत घोड्यांसाठी मान्यताप्राप्त लस नसल्याने काही पशुवैद्य कुत्र्यांची लस वापरतात.

औषध संपलं, पण आता मला बघितलं की तो ठाणाच्या कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवतो.

साठ वेळा कडू पूड तोंडात घातलेल्या माणसाशी कोणीही असंच वागेल. तीच सिरिंज स्वच्छ धुऊन सफरचंदाचा पातळ गर भरून न्या. तोंडात घालू नका, नुसती समोर धरा आणि चाटू द्या. पहिले दोन दिवस आमच्या घोडीने हुंगून मान वळवली. तिसऱ्या दिवशी तिने सिरिंजचं टोक चावून ठेवलं आणि चौथ्या दिवशी मी सिरिंज विसरून गेलो, तर खिशात तोंड घालून शोधत होती.